वहिनीची प्रत

वाळवीची गोष्ट खोटी होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दादाला नाही, आणि जिला ती गोष्ट सांगितली त्या वहिनीला तर नाहीच.

उत्रोली गाव सोडलं तेव्हा भाताची लावणी चालू होती. दादाला चिखलणी टाकून येता येईना, म्हणून भोरच्या स्टँडवर वहिनी आली. खाचरातून उठली तशीच आली, कोपरापर्यंत चिखल वाळलेला, पदर खोचलेला. खिडकीतून डब्याची पिशवी आत देत म्हणाली, "भावजी, चित्रं काढून प्वाट भरतं का न्हाई, मला ठावं न्हाई. न्हाई भरलं तर हितं भात हाय." एसटी हलली. पुण्याहून बडोद्याची गाडी धरली.

बडोद्यात लाकूड कोरून छापायला शिकलो, मग तेच शिकवायला लागलो आणि तिथलाच झालो. आता माझ्या बोलण्यात प्रेस, एडिशन, क्युरेटर असले शब्द येतात. भाताला राईस म्हणत नाही, एवढंच. भोर-वेल्ह्याकडून बाहेर पडलेल्यांना हे कळेल. गावी असलेल्यांना वाटतं आपण बदललो, आणि आपल्याला वाटतं अजून तसेच आहोत.

बऱ्याच वर्षांनी मी ती खिडकीतली वहिनी कोरली. चिखलाचे हात पुढं, चेहरा मागं. प्रदर्शनात उभं राहून मी विषमतेवर बोललो. शेतात राबणारे हात आणि भिंतीवर चित्र लावणारे हात, असं काहीतरी. लोकांनी माना डोलावल्या.

आमच्या धंद्यात एका ठोकळ्यावरून ठरावीकच छाप काढतात. ते निघाले की ठोकळ्यावर आडवा चरा मारून तो बाद करायचा. पुन्हा कुणाला छापता येत नाही, म्हणून चित्राला किंमत राहते. एक प्रत मात्र चित्रकाराची. ती मी फोनवर वहिनीला कबूल केली होती. तिनं त्याच दिवशी भिंतीत खिळा ठोकून घेतला.

सगळ्या प्रती गेल्यावर एक गृहस्थ आले. "आमचं फार्महाऊस तुमच्या उत्रोलीलाच आहे, हे चित्र तिथंच शोभेल," म्हणाले. गॅलरीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी वहिनीची प्रत दिली. कुणी जबरदस्ती केली नाही. मोठ्या माणसाच्या भिंतीवर जातंय, हे मला आवडलं. संध्याकाळी नियमाप्रमाणे कोरायची गोदणी घेतली आणि ठोकळ्यावर तिच्या कपाळापासून कोपरापर्यंत चरा ओढला.

त्या फार्महाऊसवर वहिनी झाडू-फरशीला जाते, हे मला ठाऊक नव्हतं. गणपतीत घरी गेलो तेव्हा तिनंच सांगितलं, भाकरी थापता थापता.

"भावजी, मला रोज मीच पुसावी लागती. बाई म्हनली, मावशी, काच नीट पुसा. म्हनलं, त्वांड माझंच हाय, कुठं धूळ बसती ठावं हाय मला."

"मोठ्यानं म्हणालीस?"

"मनात वो! तिनं वळखलंबी न्हाई मला." ती हसली. मग तव्याकडं बघत म्हणाली, "आमाला एक देनार हुता न्हवं?"

"ठोकळा वाळवीनं खाल्ला, वहिनी."

तिनं भाकरी उलटली. "वाळवीबी मेली आमच्याच वाटणीचं खाती."

दादा खो खो हसला. मीही हसलो. खिळ्याला मोबाईलचा चार्जर लोंबत होता.

ठोकळा माझ्या टेबलाखाली शाबूत आहे. एकाही वाळवीनं त्याला तोंड लावलेलं नाही. परवा शाई लावून एक छाप काढून पाहिला. सगळी वहिनी आली, फक्त चेहऱ्यावरून पांढरी रेघ गेली. हा देता येणार नाही.

घर म्हटलं की हल्ली मला तो खिळा दिसतो. जेवताना मी त्याच्याकडं पाठ करून बसतो. वहिनीला मी एक चित्र देणं लागतो, रेघ नसलेलं. ते नव्यानं कोरावं लागेल, आता ती दिसते तशी. आणि ते घेऊन जाईन तेव्हा, खिळ्याला लावायच्या आधी, तिची प्रत कुणाला दिली ते तिला सांगायचं आहे.