बिजागरीला तेल नको

मिरजगावहून फोन आला तेव्हा आमच्या नगरच्या घरात स्लायडिंगच्या खिडक्या बसवणारा माणूस मापं घेत होता. सावेडीतल्या ह्या घराच्या लाकडी खिडक्या आता पावसाळ्यात लागत नाहीत आणि उन्हाळ्यात वाऱ्यानं आपटत राहतात. तो म्हणत होता, "सगळ्या काढून टाका ताई, एकदाची कटकट मिटेल." आणि मी त्याला सांगत होते की आधी आमच्या आक्कांना विचारते, मग ठरवू. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे आक्कांची सून, मनीषा. "काकू, आक्का गेल्या..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. मी खिडकीची चौकट धरून उभी राहिले. तो बिचारा टेप गुंडाळून, चपला हातात घेऊन, आवाज न करता जिना उतरला.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, त्यामुळे मला सासू, जाऊ आणि मैत्रीण अशा तिन्ही त्याच मिळाल्या. मिरजगावला हायवेच्या कडेला त्यांचं घर, आणि घराला लागूनच थोरल्या भाऊजींचं धान्याचं दुकान. पोती शिवायचं दाभण त्या घरात हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी असायचं. दसऱ्याला सगळा नगर जिल्हा दारं धुतो आणि तोरणं बांधतो, पण तोरण बांधण्याआधी दारांची परीक्षा घेणारी बाई मी एकच पाहिली. दार धुऊन झालं की आक्का उकिडव्या बसायच्या आणि चौकटीच्या पायथ्याला, उंबऱ्याजवळ, दाभणाचं टोक दाबायच्या. टोक अडलं तर लाकूड जिवंत, रंग लावून भागेल. थोडं शिरलं तर डागडुजी. नेढ्यापर्यंत गेलं तर बदला. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "हस बाई. पावसानं सगळ्यात आधी पाय खाल्लेला असतोय. वरून दार नवरीवानी दिसतंय."

निकाल दसऱ्याला लागायचा, पण सुतार उन्हाळ्यातच यायचा. ओल्या लाकडाला हात लावायचा नाही हा त्यांचा कायदा. शेजारच्यांनी एकदा भादव्यात फुगलेल्या दाराला रंधा मारून घेतला, तर चैत्रात त्या फटीतून हायवेची धूळ थेट त्यांच्या ताटात यायला लागली. आक्कांनी त्यांना फट बुजवायला गोणपाट शिवून दिलं. एकदा निकाल लागला की मात्र दयामाया नसायची. माझ्या सासऱ्यांनी हौसेनं करवलेली स्वयंपाकघरातली खिडकी त्यांनी एका उन्हाळ्यात काढून चुलीत घातली, कारण दाभण आरपार गेलं होतं. माझे यजमान हळहळले. त्यावर आक्का म्हणाल्या, "भाऊजी, आठवन ठिवायला खिडकी कशाला लागतीय?"

म्हणूनच पुढच्या दाराचं आम्हाला नवल वाटलं. त्या सुमारास थोरल्या भाऊजींची नजर काचबिंदूनं हळूहळू जात चालली होती. नगरला आणून दाखवलं, डॉक्टरांनी गेलेली नजर परत येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्या दसऱ्याला मी मिरजगावलाच होते. आक्कांनी पुढच्या दाराच्या चौकटीत दाभण दाबलं आणि ते लोण्यात गेल्यासारखं नेढ्यापर्यंत गेलं. मुलगा विलास म्हणाला, "चला, लोखंडी दार सांगतो आता." आक्कांनी दाभण उपसलं, पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "न्हाई. पायापुरता जोड द्यायचा. दार ऱ्हाऊ दे. आन बिजागरीला तेल घालायचं न्हाई." नियम करणाऱ्या बाईनं स्वतःच तो मोडला, तोही दार शेवटच्या घटका मोजत असताना. म्हातारपणी हात आखडला असेल, असं आम्ही माघारी हसून म्हणालो.

पुढं मनीषा सून म्हणून आली. नवी नवरी, कामाला चपळ. ते दार असं काही केकाटायचं की रस्त्यावरचा ट्रक परवडला. तिनं एका दुपारी कुणाला न विचारता बिजागऱ्यांना तेल सोडलं, आणि दार मुकं झालं. मी तेव्हा तिथेच होते. संध्याकाळी भाऊजी नेहमीसारखे खुर्चीत बसलेले, आणि मी बाहेरून आत आले. त्यांच्यापासून हातभर अंतरावर माझी बांगडी वाजली तसे ते दचकले, दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "कोन? कोन हाय?" त्यानंतर रात्री जेवेपर्यंत ते दाराकडे तोंड करून बसले होते आणि कुणीही आलेलं नसताना मधूनच विचारत होते, "कोन आलं?" ज्या माणसानं त्या खुर्चीत बसून सगळ्या पेठेला नावानं हाका मारल्या, तो आपल्याच घरात परक्यासारखा बसला होता. ते बघणं फार वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी फडक्यावर रॉकेल घेतलं आणि तिन्ही बिजागऱ्या खालपासून वरपर्यंत पुसल्या, वर चुलीची राख चोळली. मनीषा कोपऱ्यात रडवेली उभी. तिला म्हणाल्या, "रडू नगं. तुला कुनी सांगितलं न्हवतं, तुझी चूक न्हाई. आगं, विलास खांद्यानं ढकलतोय, दार एकदाच वरडतंय. तू हळूच लोटती, तर लांब कन्हतंय. मी जरा उचलून उघडते. त्यांना दिसत न्हाई, पर कोन आलं ते दार सांगतंय. तेवढं तरी त्यांच्यापाशी ऱ्हाऊ दे." मी ओट्यावर तांदूळ निवडता निवडता ऐकत होते. सगळं जग बिजागरीला तेल घालतं, आणि ही बाई नवऱ्यासाठी तेल पुसत होती. दोन-चार दिवसांनी दार पुन्हा कुरकुरायला लागलं. भाऊजी खुर्चीतूनच म्हणाले, "ये शोभा, बस." मी उंबऱ्यातच होते. त्या दिवशी मी मनोमन आक्कांच्या पाया पडले.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता हे दार काही आक्का हलू देणार नाहीत. पण त्याच दसऱ्याला त्यांनी दाभण दाबलं, जोड दिलेला पायही गेला होता, आणि विलासला म्हणाल्या, "उन्हाळ्यात बदल. जाळीचं घे, पोरीच्या अभ्यासाला डास लई त्रास देत्यात." विलासचं मन होईना. म्हणाला, "आई, अण्णांचं दार हाय ते." आक्का म्हणाल्या, "अण्णांसाठी ठिवलं हुतं, अण्णांचं न्हवतं. त्यांना ऐकायला लागायचं. आता कुनाला ऐकवायचं?" आवाज जरासुद्धा हलला नाही. मला मात्र तिथं बसवेना. माझे यजमान गेल्यावर त्यांचा चष्मा मी अजून हलवलेला नाही... इतकं प्रेम करायचं आणि इतकं स्वच्छ सोडून द्यायचं, हे मला आजही कळलेलं नाही. मी फक्त बघितलं आहे.

गेल्या वर्षी आक्का न्हाणीत पडल्या आणि खुबा मोडला. मधल्या खोलीत खाट टाकली. त्यांना एकाच कुशीवर निजता यायचं, तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे. मी भेटायला गेले की खाटेपलीकडे भिंतीला टेकून बसायचे, म्हणजे त्यांना मी दिसायचे. शेवटच्या भेटीत माझ्या खिडक्यांचं सांगितलं, तर म्हणाल्या, "दसऱ्याला दाभण लाव, मग बोलू." ते बोलणं राहिलं. माझ्या खिडक्यांचंही राहिलं आहे. त्या माणसाला मी दसऱ्यानंतर यायला सांगितलं आहे.

तेरावं उरकून पाहुणे पांगले तशी मी मधल्या खोलीत जाऊन त्या रिकाम्या खाटेवर बसले. भिंतीकडे तोंड करून, त्यांच्यासारखी. काय दिसत होतं त्यांना, ते बघावंसं वाटलं. रंगाचे दोन पोपडे आणि एक खिळा, एवढंच दिसत होतं. मागं दार कुरकुरलं, लांब, हळू. मला आश्चर्य वाटलं, कारण माझ्या शेवटच्या भेटीपर्यंत ह्या आतल्या दाराला आवाज नव्हता, आणि आताही मी अर्धवट उघड्या दारातूनच आत आले होते. मनीषा चहा घेऊन आली होती. मी विचारलं तशी म्हणाली, "त्या पाठमोऱ्या निजायच्या ना काकू. कोन आलं कळायचं न्हाई, दचकायच्या. रॉकेल मिळालं न्हाई, म्हनून धुन्याच्या पावडरच्या गरम पान्यानं बिजागऱ्या घासल्या आन राख चोळली." मी म्हटलं, "मग आक्का काय म्हणाल्या?" "काय न्हाई. मी च्या घेऊन आले, दार वाजलं. मान न वळवता म्हनाल्या, ये मनीषा. आन मग लई येळ माझा हात धरून ठिवला."

ती कप घेऊन गेली. थोड्या वेळानं दार पुन्हा कण्हलं. मी भिंतीकडेच बघत होते.

"ये मनीषा," मी म्हटलं, "बस."