त्याच नावाचा दुसरा

माझे काका, अनंत हरी रिसबूड, सांगलीच्या एका शाळेत मराठी शिकवत. संध्याकाळी घरी आले की दाराच्या पायरीवरच बसकण मारत. उमाकाकू आतून चहाला हाक मारायची आणि ते म्हणायचे, "येतो गं, जरा बसू दे." शाळेसाठी मी त्यांच्याकडे राहत होते, त्यामुळे हे रोज पाहत होते. माणूस कामाने दमतो हे खरं, पण काका कामाने दमलेले नव्हते. त्यांना लोकांनी दमवलं होतं.

काकांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. तरुणपणी ते वडूजच्या शाळेवर होते. तिथे बिराप्पा नावाचा एक धनगर मेंढरांमागे ओव्या म्हणायचा. बिरोबाच्या, पावसाच्या, हरवलेल्या कोकरांच्या. सुट्टीच्या दिवशी काका त्याच्यामागे माळ तुडवायचे, त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर भाकरी खायचे आणि ऐकलेलं उतरवून घ्यायचे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली त्याच साली त्या ओव्यांचं बारीकसं पुस्तक निघालं. पहिले काही दिवस काका ते उशाशी घेऊन झोपत, असं काकू सांगायची. मला ते खरं वाटतं.

मग उपद्रव सुरू झाला. आमच्या भाऊबंदांत थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. अनंताचा मुलगा हरी, हरीचा मुलगा अनंत, पुन्हा अनंताचा हरी, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, आणि तेही प्रत्येक घरात. कुणाला नवीन नाव सुचलंच नाही. त्यामुळे आणखी दोन अनंत हरी रिसबूड होते, आणि दुर्दैव असं की दोघेही लिहिणारे निघाले. एक मिरजेचे वैद्य. त्यांचं मूळव्याधीवरचं पुस्तक घरोघर होतं. दुसरे पुण्याचे. ते रहस्यकथा लिहीत, आणि त्यांच्या प्रत्येक कथेत एखादी श्रीमंत विधवा विष पिऊन मरे.

आमच्या दारात भलभलते गृहस्थ यायचे. या बसा म्हटलं तर नको म्हणायचे आणि उभ्यानेच विचारायचे, "मास्तर, सुरण चालेल का?" काका समजावून सांगत की तो मी नव्हे. गृहस्थांना ते पटायचं नाही. त्यांना वाटायचं मास्तर विद्या लपवतात. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी तर काकांना बाजूला घेऊन बजावलं, "शिक्षकाने खुनाच्या गोष्टी लिहाव्यात हे बरं नाही." काका म्हणाले, "बरोबर आहे साहेब." मी घरी थयथयाट केला. "त्यांना सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "किती जणांना सांगू, चारू? जाऊ दे."

कळस केला तो वाचनालयाच्या तात्यांनी. वाचनालयात नवं पुस्तक आलं की आधी त्याला जाड पुठ्ठ्याची बांधणी करायची आणि मगच वाचकाला द्यायचं, अशी तात्यांची पद्धत. लढाईत पुठ्ठा मिळेना. तेव्हा तात्यांनी एका लेखकाची बारीक पुस्तकं एकत्र शिवायला सुरुवात केली. मूळव्याध, विधवेचा खून आणि धनगरी ओव्या एकाच पुठ्ठ्यात गेल्या. मी भांडायला गेले.

"तात्या, हे तीन वेगळे लेखक आहेत."

"नाव एकच आहे ना?"

"नाव एकच आहे, माणसं तीन आहेत!"

"मग वाचकाची सोयच झाली," तात्या म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. माणूस वाईट नव्हता, पण डोकं पुठ्ठ्याचंच.

असा सगळा वैताग चालू असताना एके दिवशी बिराप्पाच दारात उभा राहिला. त्याची मेंढरं कुंडलच्या रानात खतासाठी बसवली होती. ती हरणाबाईवर, म्हणजे बायकोवर सोपवून तो सांगलीला आला होता. चांगला म्हातारा झाला होता. काका पायरीवरून उठले, त्याचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वर्षांनी मोकळं हसले. बिराप्पा मात्र हसला नाही.

"आवं मास्तर, पुस्तकात माजं नाव घातलंय म्हनं तुमी?"

"घातलंय की. पहिल्याच पानावर."

"मग तालुक्याच्या सायबानं फेटा दुसऱ्याला कसा बांधला?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. पुस्तक तालुक्याच्या साहेबाच्या हाती पडलं होतं. त्याने बिरोबाच्या जत्रेत विचारलं, यातला बिराप्पा कोण? लोकांनी वरच्या वाडीच्या बिराप्पाला पुढे ढकललं. त्या मुलखात थोरल्या पोराला देवाचंच नाव देतात, वाडीगणिक एक बिराप्पा. हाही ओव्या म्हणायचा, आणि पुढे उभा होता. फेटा त्याला बांधला गेला. तेव्हापासून गावोगावचं बोलावणं त्यालाच. आमच्या बिराप्पाला त्याच्याच देवळात मागे बसून ढोल धरायला सांगत.

"त्येबी चाललं आसतं," तो म्हणाला. "पर आता मी वव्या म्हटल्या तर पोरं म्हनत्यात, ह्यो त्या पुस्तकातल्या बिराप्पाचं उचलतोय. माज्याच वव्या, मास्तर! लय लागतं जिवाला."

काकांनी आतून पुस्तक आणलं. पहिलं पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. मी मागून वाचलं. 'या ओव्या बिराप्पा धनगर यांजकडून मिळाल्या.' बस, एवढंच होतं.

"बिराप्पा," काका म्हणाले, "तुझ्या वडिलांचं नाव काय रे?"

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, मला तर ते रागापेक्षा वाईट वाटलं.

"अर्जुना. आवं, त्येच्या हातची भाकर खाल्लीया तुमी."

काका पुन्हा पायरीवर बसले. इतकी वर्षं लोकांनी जे त्यांचं केलं, तेच त्यांनी या माणसाचं केलं होतं, आणि तेही पहिल्याच पानावर. त्या रात्री ते जेवले नाहीत. काकू म्हणाली, "दुसऱ्या आवृत्तीत घाला पूर्ण नाव." दुसरी आवृत्ती कसली, तो छापखानाच कागदाअभावी बंद पडला होता.

बिरोबाच्या पुढच्या जत्रेला काका जायला निघाले तेव्हा घरात रडारड झाली. त्यांना दम्याचा त्रास, आणि ती कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलत. मी हट्टाने बरोबर गेले. विट्याच्या पुढे काका इतके धापा टाकत होते की मला वाटलं, इथूनच परत फिरावं. "काका, बिराप्पाला निरोप पाठवू," मी म्हटलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बोलायला श्वास नव्हता.

भर दुपारी देवळापुढे ढोल लागले होते. फेटेवाला बिराप्पा मध्ये उभा होता, आमचा मागे बसला होता. काका ओट्यावर चढले. ढोल थांबले. वर्गातही त्यांचा आवाज कधी शेवटच्या बाकापर्यंत जात नसे, पण त्या दिवशी गेला.

"ते पुस्तक मी लिहिलं. त्यातल्या ओव्या बिराप्पाच्या आहेत. पण ह्या नव्हे, त्या बिराप्पाच्या. अर्जुनाच्या मुलाच्या. हरणाबाईच्या नवऱ्याच्या. मी अर्धंच नाव लिहिलं, चूक माझी आहे."

गलका झाला. कुणीतरी वरच्या वाडीच्या बिराप्पाला शिवी हासडली. तो बिचारा गांगरला. "आरं, मी कवा म्हटलं मी हाय म्हनून? सायबानं बांदला, मी वाकलो. कुनी इचारलंच न्हाई." आणि त्याने फेटा उतरवून आमच्या बिराप्पापुढे धरला.

"ऱ्हाऊ दे गड्या, तुज्या डोक्याला शोभतोय," बिराप्पा म्हणाला. "माजं मला मिळालं." तो उठून मध्ये आला, कानावर हात ठेवला आणि बापाचं नाव घेऊन त्याने ओवी उचलली. मागे ढोल धरला होता फेटेवाल्याने.

काका ओट्यावर बसले होते. मला वाटलं दम लागलाय, म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तर ते तोंडाला उपरणं लावून रडत होते. मी तांब्या त्यांच्याजवळ ठेवला. बिराप्पासाठी कुणीतरी उठून उभं राहिलं होतं. काकांसाठी कुणी उभं राहणार नव्हतं, आणि हे त्यांना त्या ओट्यावर चढण्याआधीच माहीत होतं.