निळ्या खाचेतले आबा

आमच्या घरात कम्प्युटरमधलं फक्त मला कळतं. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. वसमतला बियाण्याच्या दुकानात मी कम्प्युटरवर बिलं काढतो, आणि एवढ्या भांडवलावर घरात माझा दरारा आहे.

गेल्या दिवाळीला थोरली बहीण, आमची आक्का, पुण्याहून आली ती नवी कोरी हार्ड डिस्क घेऊनच. तिच्या लग्नाची कॅसेट मी स्टुडिओतून कम्प्युटरवर उतरवून आणली होती. आमचे वडील, आबा, जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत, पण आबा चालताना-बोलताना फक्त त्या कॅसेटमध्ये. मोबाईलवर पाठवावं तर फाईल अवाढव्य.

"बाळ्या, आबांना घेतल्याबिगर मी जाणार न्हाई," आक्कानं आल्या आल्या बजावलं.

"दोन मिनिटाचं काम आहे," मी म्हणालो, आणि दिवाळीभर फराळावर बसलो.

जायच्या दिवशी, संध्याकाळची पुण्याची एसटी डोक्यावर आली तेव्हा मी डिस्क जोडली. समोरच्या खाचेत. (मागच्या बाजूला जाळी झालेली, वाकावं लागतं, आणि फराळ पोटात.) त्या समोरच्या खाचांत आबांची हळद अजून आहे. दर दसऱ्याला ते कम्प्युटरला हळदीकुंकू लावायचे, झेंडू वाहायचे आणि मला म्हणायचे, "नमस्कार कर, तुला ह्याच्यावरच पोट भरायचंय." तेव्हा मी हसायचो. आता दसऱ्याला मीच लावतो.

कॉपी सुरू झाली. पडद्यावर आधी 'तीन तास' आलं. मग 'चाळीस मिनिटं'. मग 'पंधरा मिनिटं'. कम्प्युटर स्वतःच गोंधळलेला असताना शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी ओरडलो, "आई, पंधरा मिनिटं! ओटी भर!"

आईनं लगेच पाट मांडला. तांदूळ, नारळ, खण, हळकुंडं, सगळं आक्काच्या पदरात पडलं. आक्का पाया पडली, उंबरा ओलांडून अंगणात गेली. शेजारचे रफीकचाचा तिला स्टँडवर सोडायला ऑटो घेऊन दारात उभे होते. मी पडद्याकडं बघितलं. 'दोन तास दहा मिनिटं.'

"आक्का, जरा आत येऊन बस," मी हळूच म्हणालो.

"आत?" आई दारात आडवी झाली. "ओटी भरलेली लेक उंबऱ्याबाहेर पडली की मागं फिरत नसती."

"मग तिनं करावं काय?"

"तू पंधरा मिनिटं म्हणलास ना? उभी राहील पंधरा मिनिटं."

आक्का पदरात नारळ धरून अंगणात उभी. चाचा ऑटोतून म्हणाले, "बेटा, गाडी निकल जाएगी. बराबर टाईमावर सुटती ती."

"चाचा, यूएसबीचा स्पीड माझ्या हातात नसतो," मी आतून समजावलं. "डेटाच जड आहे."

"आबा जड न्हवते रे," आई पुटपुटली.

शेवटी आक्का कंटाळून खिडकीपाशी आली. आमचा कम्प्युटर खिडकीला लागून, पाठ अंगणाकडं. ती पाठ घरातल्या कुणी वर्षानुवर्षं बघितलेली नव्हती. आक्कानं गजातून निवांत बघितली.

"बाळ्या, ह्याच्या पाठीला निळी खाच आहे."

"असू दे."

"डिस्कच्या वायरीचं तोंड पण निळंच आहे. मग तू काळ्या खाचेत काहून घालून राहिला?"

"आक्का, रंगाचा काही संबंध नसतो. ती साडी आहे का मॅचिंग करायला?"

"एकदा घालून तर बघ."

मी तिची समजूत काढायची म्हणून चालू कॉपी थांबवली, पोटासकट वाकलो, जाळी बाजूला केली आणि निळ्यात निळं घातलं. कॉपी पुन्हा सुरू केली. पडदा म्हणाला, 'सोळा मिनिटं.' आणि ह्या वेळी तो शब्दाला जागला.

"रंग का कुछ संबंध नहीं होता ना?" चाचांनी ऑटोतून विचारलं. मी वायर नीट करत बसलो.

कॉपी संपली तेव्हा गाडीला अजून वेळ होता. इथं मी उठून डिस्क आक्काच्या हातात द्यायला पाहिजे होती. पण मी म्हणालो, "उघडतंय का ते बघू जरा." आणि पडदा खिडकीकडं वळवला.

पडद्यावर पंगत बसलेली. आबा बुंदीची बादली घेऊन वाकून वाकून वाढत होते. तेवढ्यात त्यांना कॅमेरा दिसला. ते सरळ उभे राहिले, टोपी नीट केली आणि खेकसले, "अरे माझं काय काढून राहिला? नवरीचं काढ!"

आक्का खिडकीचे गज धरून रडायला लागली. हसतपण होती. "परत लाव," ती म्हणाली. मी परत लावलं. आई माझ्यामागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "टोपी तवा पण वाकडीच होती." चाचा ऑटो बंद करून खिडकीशी आले. मी परत लावलं. किती वेळा लावलं कुणाला ठाऊक, पण गाडी तिच्या बराबर टाईमावर निघून गेली.

मग आईनंच डोळे पुसले. "चल आत. भाकरी टाकते."

"आई, ओटी?"

"उद्या परत भरू. तांदूळ काय संपले न्हाईत."

दुसऱ्या दिवशी आक्का वेळेत गाडीत बसली. परभणीहून तिचा फोन आला. "बाळ्या, डिस्क कुठं आहे रे?"

मी खिडकीपाशी गेलो. डिस्क कम्प्युटरच्या पाठीला, निळ्या खाचेत, होती तिथंच होती.

शेवटी रजा काढून मीच एसटीनं आबांना पुण्याला घेऊन गेलो. आक्कानं लॅपटॉप काढला. नवा, पातळ, देखणा. त्याला एका बाजूला बारकी लांबट खाच होती आणि डिस्कच्या वायरीचं तोंड रुंद चौकोनी. आक्कानं लॅपटॉप उचलून त्याची पाठसुद्धा बघितली.

"आबा एवढ्या लांबून आले आणि दारातच अडकले," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

"थांब, ह्यातलं मला कळतं," म्हणून मी तसाच चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.

"कनेक्टर पाहिजे," मी म्हणालो.

"कुठल्या टाईपचा?" दुकानदारानं विचारलं.

मी छाती पुढं काढून सांगितलं, "निळा."