दादाच्या सोबतीला

माझं नाव शाळेत घातलं गेलं ते दादा रडत होता म्हणून.

दादा माझ्याहून वर्षा-दीड वर्षानं मोठा. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन थोडे दिवस झाले होते. तेरची आमची शाळा आधी उर्दूतून चालायची, ती मराठी झाली होती आणि नवे गुरुजी आले होते. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दादाला पहिल्याच आठवड्यात नेऊन बसवलं. पण गुरुजींची पाठ वळली की तो पळायचा आणि तेरणा नदीच्या काठी जाऊन बसायचा. एके दिवशी आबा त्याला दंडाला धरून शाळेत घेऊन गेले. पाठोपाठ मीही गेले, कारण तमाशा बघायचा होता. गुरुजी म्हणाले, "घरचं कुणीतरी थोडे दिवस याच्याजवळ बसू द्या. रुळेल." आबांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "हिलाच घाला संगं. तेवढीच त्याला सोबत."

थोडे दिवस म्हणून मी बसले. दादा रुळला. मला मात्र उठवून न्यायला कुणी आलं नाही, बहुधा विसरले असावेत.

दादा मंद नव्हता, हे आधीच सांगते. बैल कुठल्या पायानं लंगडतोय हे तो लांबून ओळखायचा. पाऊस पडून गेला की गावाबाहेरच्या टेकाडावर जायचा आणि मातीतून वर आलेले जुने मणी वेचून आणायचा. त्याच्या नजरेला पडायचे ते आम्हाला दिसायचेच नाहीत. पण पाढे त्याच्या तोंडात बसत नसत. माझ्या बसत. मला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नव्हतं, आणि दादाला काहीही केलं तरी जमत नव्हतं. यात दोघांचाही दोष नव्हता. पण शाळेत दोष कुणाचा तरी असावा लागतो.

सातवीपर्यंत तेरमध्येच भागलं. पुढं हायस्कूलला धाराशिवला जायचं होतं. सरकारी कागदावर उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. दादासाठी तिथं एक खोली घेतली. त्याला करून घालायला माझी विधवा आत्या गेली, आणि आत्याला भाकऱ्या थापू लागायला मला पाठवलं. सोडायला आलेल्या आबांना आत्या म्हणाली, "दोन्ही वेळची भाकर मी एकटी करते. ही पोर दिसभर या खोलीत काय भिंतीकडं बघत बसंल?" मग माझंही नाव घातलं. हायस्कूलात मी गेले तीही अशी.

वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरी कोर्टातल्या एका कारकुनांची मुलगी. मुसलमान घरातली, उंच, हळू बोलणारी. आमचं बाक दाराजवळ वेगळं. सर आले की त्यांच्या मागून आत यायचं, सर गेले की त्यांच्या मागून बाहेर. मधल्या वेळेत शाळेतल्या बाईंच्या खोलीशेजारच्या बोळात उभं राहायचं. प्रश्न विचारले जात ते मुलांना. आम्ही दोघी उत्तरं एकमेकींच्या कानात सांगायचो. गणित तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. नववीच्या दिवाळीनंतर ती आलीच नाही. चौकशी केली तर कळलं, बिदरकडं लग्न ठरलंय. त्यानंतर त्या बाकावर मी एकटी बसायचे. कानात सांगायला कुणी उरलं नव्हतं.

आठवीच्या पहिल्या सहामाहीचा निकाल वर्गशिक्षकांनी मोठ्यानं वाचला. माझं नाव पहिलं आलं. सरांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ते मुलांकडं वळून म्हणाले, "बांगड्या भरा आता सगळ्यांनी. एक पोरगी येते आणि तुमच्या नाकावर टिच्चून पहिली होते!" मग दादाला उभं केलं. "तू तर हिचाच भाऊ. एका घरातलं, एका ताटातलं खाता. लाज कशी वाटत नाही?" आणि छडी. मुलींना छडी मारत नसत. म्हणून माझ्या मार्कांची छडीही त्याच्याच हातावर पडायची.

दर परीक्षेला हे असंच. रस्त्यानं मुलं मला काही बोलत नसत, त्याला बोलत. 'बहिणीचा शिष्य' म्हणत. दादा खाली मान घालून माझ्यापुढं चालायचा. घरी आल्यावर हात पाण्यात बुडवून बसायचा. आत्यानं विचारलं तर म्हणायचा, "काय न्हाय, खेळताना लागलं."

एकच शिक्षक असं करत नसत. गणिताचे सर. त्यांचं शिक्षण हैदराबादला, सगळं उर्दूतून झालेलं. राज्य बदललं तशी वयाच्या मध्यावर त्यांना मराठी शिकून मराठीत शिकवावं लागत होतं. घाईत असले की बेरजेला जमा आणि गुणाकाराला जरब म्हणून जायचे, मुलं हसायची, तेही हसायचे. ते पेपर देताना कुणाचा आकडा वाचत नसत. उलटा करून बाकावर ठेवत आणि पुढं जात.

मॅट्रिकचा निकाल पेपरात यायचा. दादा सकाळच्या गाडीनं धाराशिवला जाऊन बघून आला. आम्ही तेरच्या घरी ओसरीत होतो. त्यानं पायताण काढलं, तांब्यानं पाणी प्याला आणि म्हणाला, "ती पास झाली. फर्स्ट क्लास."

आईनं विचारलं, "आन् तू?"

"म्या न्हाय."

आई होती तिथंच खाली बसली. आबा उठून गोठ्याकडं गेले. मी उभीच होते. कुणी मला काही म्हणालं नाही, बरं नाही की वाईट नाही. संध्याकाळी शेजारची काकू विचारायला आली, पोरगी पास झाली म्हणं, पेढे कुठायत? आई हळूच म्हणाली, "पोराच्या तोंडावर बरं दिसत न्हाय वो." काकूलाही ते पटलं. मलाही त्या वेळी पटलं होतं.

पुढच्या आठवड्यात गणिताचे सर स्वतः तेरला आले. आबा जुन्या अमदानीत उर्दू शिकलेले, त्यामुळं दोघांचं जुळायचं. चहा झाला. मी दाराआड होते.

सर म्हणाले, "आबासाहेब, बेटीला सोलापूरला धाडा. सायन्सला. तिचं गणित जाया होऊ देऊ नका."

आबा म्हणाले, "सर, पोरगंच जात न्हाय, तर पोरीला कुणासंगं धाडू? तिथं तिचा मामा हाय, खरं. पण मामा गिरणीत जाणार. कालिजात नेणार-आणणार कोण?"

"दोघांचे पेपर अलग तपासले ना? फिर दाखला, प्रवेश, एक कैसा?"

आबांनी रिकामी कपबशी बाजूला सरकवली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला कधी बोट लावलं नाही, कधी शाळा बंद कर म्हटलं नाही. पण मुलाला ओलांडून मुलगी पुढं जाते हे त्यांनी कुठं पाहिलेलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, "ऑक्टोबरच्या परीक्षेला बसू द्या त्याला. पास झाला तर दोघं बी जातील. न्हाय झाला तर दोघं बी न्हाय."

सर उठले. जाताना दाराशी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या पावसाळ्यात मी दादाला गणित शिकवलं. दुपारी, शेतातून आल्यावर, ओसरीत पाटी घेऊन. दादाचे हात मातीचे असायचे. एक उदाहरण तीनतीनदा करून चुकलं की तो पाटी बाजूला ठेवायचा आणि पावसाकडं बघत बसायचा. एकदा असंच चुकलं आणि मी चिडून म्हणाले, "अरे, एवढं सोपं तर आहे!"

तो चिडला नाही. म्हणाला, "तुला सोपं हाय. मला ठाव हाय तुला सोपं हाय. पण सर तुझं नाव घेऊन मारायचे ना, तवापासून आकडा दिसला की हात आधी दुखतो."

मी पाटी पुसून खाली ठेवली. मग तोच म्हणाला, "मला कालिजात न्हाय जायचं. खरं सांगतो. मला हितं बरं वाटतं."

"मग कशाला बसतोस परीक्षेला?"

"म्या न्हाय बसलो तर तुला कोण जाऊ देतंय?"

त्यानं पाटी परत ओढून घेतली. पुढं पावसाळाभर त्यानं एक दिवसही चुकवला नाही. ज्याला शिकायचं नव्हतं तो माणूस कसा शिकतो, हे मी तेव्हा बघितलं. पुढं मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण इतकं कष्टाचं शिकणं मला पुन्हा दिसलं नाही.

ऑक्टोबरला तो पास झाला. थर्ड क्लास, गणितात काठावर. आबांनी गावभर पेढे वाटले. देवळापासून पाटीलवाड्यापर्यंत घरोघर. आई रडली. त्यातला एक पेढा मलाही मिळाला. दादानं स्वतः आणून दिला आणि माझ्या नजरेला नजर न देता निघून गेला.

जूनमध्ये आबा आम्हा दोघांना घेऊन छोट्या रुळांच्या गाडीनं कुर्डुवाडीला आणि तिथून मोठ्या गाडीनं सोलापूरला गेले. आबांनी ठेवणीतलं धोतर नेसलं होतं. कॉलेजच्या ऑफिसातल्या गृहस्थांनी आमचे दोघांचे मार्क पाहिले. चष्मा वर करून माझ्याकडं पाहिलं. आबांना म्हणाले, "मुलीला सायन्सला सहज जागा मिळेल. बसा, नाव घालून टाकू."

आबांनी विचारलं, "आन् पोराला?"

"त्याला सायन्सला नाही मिळणार. आर्ट्सला घ्यावं लागेल."

"मग दोघांना बी तेच द्या. एका वर्गात असू द्या."

ते गृहस्थ जरा थांबले. "अहो, मुलीचे मार्क—"

"पोरगी एकटी कुठल्या वर्गात बसणार न्हाय," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. बैलाला पाणी पाजा म्हणावं तसं म्हणाले.

दादानं तोंड उघडलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, ते मला दिसलं. पण आबांपुढं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि तोवर त्या गृहस्थांनी लिहायला घेतलं होतं. मी बोलले का नाही, असं पुढं मला अनेकींनी विचारलं. मला वाटलं, कॉलेजचं दार उघडलंय, ते आता कुणी लावू नये. कुठलं दार, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. गणित माझ्या आयुष्यातून त्या टेबलासमोर गेलं. जायला दोन वाक्यं पुरली.

मामाच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही राहिलो. कॉलेजात जाताना दादा माझ्यापुढं चालायचा, येताना मागं. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. शहरात त्याचा जीव रमला नाही. सुट्टीला घर दिसलं की त्याचा चेहरा उजळायचा. वर्षअखेर तो नापास झाला, आणि मी वर्गात वरच्या नंबरात आले. या वेळी कुणी त्याला मारलं नाही, कुणी विचारलंही नाही.

त्या मे महिन्यात आबा घरात कुणाशी फारसं बोलत नव्हते. मी पुस्तकं ट्रंकेत भरून वर घडवंचीवर ठेवून दिली होती. माझ्या लेखी विषय संपला होता. एका दुपारी जेवताना दादानं ताटावरून मान वर केली.

"आबा, म्या आता जाणार न्हाय. शेतात बघतो. तिला धाडा."

आबांचा हात थांबला. "लोक काय म्हणतील? पोराला घरी बसवलं आन् पोरीला शिकिवतो?"

"मला कुणी बसवलं न्हाय. म्या बसलो. लोकांनी इचारलं तर म्या सांगतो."

"आन् ती येणार-जाणार कशी?"

"वर्षभर म्या तिच्यासंगं चाललो, आबा. एकदा बी कुणी वाकडं बघितलं न्हाय. तिला माझी गरज न्हाय."

आबांपुढं त्यानं एवढं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आई वाढता वाढता थांबली होती. आबांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी प्याले आणि म्हणाले, "घडवंचीवरची ट्रंक काढ खाली."

मी बी.ए. झाले, पुढं शिक्षकाचं बी.टी. केलं आणि हायस्कूलात लागले. मराठी आणि इतिहास शिकवला. मला ते विषय आवडले, खोटं कशाला सांगू. पण शिक्षकांच्या खोलीत कुणी फळ्यावर एखादं समीकरण तसंच सोडून गेलं असलं, तर मी ते मनातल्या मनात सोडवून मगच तासाला जायचे.

दादानं शेती केली, चांगली केली. त्याची मुलं शाळेत गेली. तो त्यांना आज काय शिकवलं असं विचारायचा, किती मार्क पडले असं कधी विचारलं नाही. गावात मात्र एक वाक्य आमच्या घराला चिकटलं ते चिकटलंच. लग्नात, बाजारात, एसटीत कुणीतरी म्हणायचंच, "पोरगी शिकली, पोरगं राहिलं." जणू घराच्या वाट्याला विद्या मोजूनच आली होती आणि त्याच्या वाटणीची मी उचलून नेली. दादा ते ऐकून घ्यायचा. एकदाच, मी सुट्टीला आले असताना, पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं ते मला ऐकवलं, तेव्हा दादा बैलगाडी थांबवून खाली उतरला. "काका," तो म्हणाला, "ती आधीच शिकलेली होती. म्या नुसता तिच्यासंगं गेलतो." मग गाडीत चढला आणि बैलांना हाक दिली.