उणे शिल्लक आणि टॅम्पिनीसचे काका

कर्ज फिटायला वेळ लागतो, पण त्याचे किस्से पहिल्या दिवसापासून जमायला लागतात. त्यात मला लहानपणापासून नको त्या चौकशा! लोक एकमेकांचा पगार विचारतात. मला कुतूहल, की समोरच्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे आणि तो ते कसं फेडतोय. त्यामुळे आमच्या कंपूतले सगळे किस्से माझ्याकडे साठलेत.

कंपू म्हणजे तिघंच. मी आणि शर्वरी क्वीन्सटाउनला एका फ्लॅटमध्ये राहायचो, हर्षद समोरच्या ब्लॉकमध्ये. तिघांनी सिंगापूरमध्येच मास्टर्स केलं आणि दोन हजार चौदाच्या आसपास नोकरीला लागलो. मी आणि शर्वरी घरून पैसे घेऊन शिकलो होतो. हर्षदकडे मात्र विद्यार्थ्यांसाठीचा ओव्हरड्राफ्ट होता. खात्यात छदाम नसला तरी त्याला पाच हजार डॉलरपर्यंत काढता यायचे, आणि शिकत होता तोवर व्याजही नव्हतं.

शिकून बाहेर पडताना त्याच्या खात्यात उणे चार हजार सातशे होते. ते त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण ते त्यालाच नीट कळलं नव्हतं!

*

पहिला पगार झाला त्या दिवशी हर्षद एटीएमची चिठ्ठी फडकवत आला. "अव्हेलेबल तीन हजार तीनशे! चला, चिली क्रॅब!"

आम्ही कशाला नाही म्हणतोय? बोटं चाटून खाल्लं. बिल देऊन झाल्यावर शर्वरीनं ती चिठ्ठी हातात घेतली. शर्वरी कामानं ऑडिटर आणि स्वभावानंही ऑडिटर.

"हर्षद, वरची ओळ वाचलीस? इथे उणे सतराशे लिहिलंय. अव्हेलेबल म्हणजे बँक अजून किती देऊ शकते ते. आज आपण जेवलो ते बँकेच्या पैशानं."

हर्षदनं चिठ्ठी परत घेऊन वरची ओळ वाचली. मग म्हणाला, "मग बँकेलाही बोलवायला हवं होतं जेवायला!"

*

ऑक्टोबरात बँकेचं पत्र आलं. विद्यार्थीदशा संपली, आता व्याज सुरू, आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरअखेर खातं शून्यावर आणा.

खरी मेख पुढे होती. ओव्हरड्राफ्ट देताना बँकेला सिंगापुरात राहणारा जामीन हवा होता. हर्षदच्या वडिलांचे जुने मित्र दामले काका शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅम्पिनीसला राहायचे. त्यांनी स्वतःची फिक्स्ड डिपॉझिट तारण ठेवून सही केली होती. आता काका रिटायर होऊन त्याच डिसेंबरात कायमचे पुण्याला चालले होते, आणि हर्षदचं खातं शून्य होईपर्यंत ती डिपॉझिट मोडता येणार नव्हती.

पत्राची एक प्रत काकांनाही गेली होती. हर्षद रविवारी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, टॅम्पिनीसला गेला. फ्रिजवर मॅग्नेटखाली ते पत्र! काका समोर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आमटी घे अजून."

बस्स, एवढंच. पुढच्या महिन्यातही तेच. काकू वाढत होत्या, काका पुण्यातल्या पाण्याबद्दल बोलत होते, पत्र फ्रिजवरच होतं.

"ओरडले असते तर परवडलं असतं गं," हर्षद मला म्हणाला. "निदान किती रागावलेत ते कळलं असतं!"

मला त्याची खरंच दया आली. तरी विचारायचं ते मी विचारलंच. "आणि भाजी कुठली होती?"

*

त्यानं फेडायला सुरुवात केली ती अशी: एक तारखेला पगार भरायचा आणि वीस तारखेपर्यंत परत काढायचा. तीन महिने झाले तरी आकडा तिथल्या तिथेच. शेवटी मी त्याला ढकलत बँकेत नेलं. मलाही बघायचं होतं, अशा लोकांशी बँक बोलते कसं.

काउंटरवर एक चिनी आंटी होत्या. त्यांनी चष्म्यावरून स्क्रीन बघितली, मग हर्षदला बघितलं.

"पे इन, टेक आउट, पे इन, टेक आउट. यू थिंक धिस वन स्विमिंग पूल, आ?"

मला हसू आवरेना. हर्षद मात्र हात जोडायच्या बेतात होता. आंटींनी उपाय सांगितला तो एकदम नामी. पगारासाठी खातं वेगळं काढ, तिथून दर महिन्याला चारशे आपोआप इकडे येतील, आणि जेवढे येतील तेवढी ओव्हरड्राफ्टची मर्यादाच मी कापत जाईन. म्हणजे पुन्हा खाली उतरायची सोयच नाही!

"पण आंटी, मध्येच गरज लागली तर?"

"देन यू ईट ॲट होम लाह!"

*

हर्षद जुरोंग आयलंडवर इंजिनिअर होता. कंपनीची बस, कंपनीचं कॅन्टीन, त्यामुळे चारशे डॉलर खरंच सुटायला लागले. सप्टेंबरात आकडा उणे बाराशेवर आला. नेमकं तेव्हाच त्याला साताऱ्याचं एक स्थळ आलं.

मुलीचे वडील स्काइपवर होते. आम्ही दोघी लॅपटॉपमागे भिंतीला चिकटून उभ्या. मी काही ही संधी सोडणार होते थोडीच!

घरदार, पत्रिका, सगळं झाल्यावर वडिलांनी घसा खाकरला. "आणि, म्हणजे, बँकेत शिल्लक वगैरे?"

शर्वरी हातानं नको-नको करत होती. पण हर्षदला खोटं बोलता येत नाही. "उणे बाराशे," तो म्हणाला.

मग वडिलांनी विचारलं, "रुपये की डॉलर?"

"डॉलर."

"असं होय," वडील समाधानानं म्हणाले. "डॉलरमध्ये आहे ना, मग काही हरकत नाही!"

लग्न जमलं नाही, ते पत्रिकेमुळे.

*

दिवाळीत वेगळाच घोळ झाला. चारशे डॉलर जायची तारीख आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी! नाशिकहून हर्षदच्या आईचा फोन. "आज घरातून पैसा बाहेर जाऊ द्यायचा नाही हं. शेजारी साखर मागायला आले तरी उद्या या म्हणायचं."

हर्षदपुढे पेच पडला. हप्ता थांबवावा तर डिसेंबरात खातं शून्य होणार नाही आणि काकांचे पैसे अडकणार. थांबवू नये तर लक्ष्मी रुसणार. त्यानं आईला सगळं खरं सांगून टाकलं, ओव्हरड्राफ्टसकट. पहिल्यांदाच.

फोन स्पीकरवर होता. मी स्पीकरला कान लावून ऐकत होते.

"दोन्ही खाती कोणाच्या नावावर?" आईंनी विचारलं.

"माझ्याच."

"बँक एकच?"

"एकच."

"मग कपाटातले डब्यात गेले. जाऊ देत!"

*

डिसेंबरात शेवटचा हप्ता गेला आणि बँकेचं पत्र आलं: खातं शून्य, जामीन मोकळा. काकांचं विमान आठवड्यावर आलं होतं. त्या रविवारी त्यांनी आम्हा दोघींनाही जेवायला बोलावलं. घरभर खोकी, भिंतींवर नुसते खिळे.

हर्षदनं वाकून नमस्कार केला आणि पत्र पुढे केलं. काकांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे आता तुझं माझं काही देणंघेणं राहिलं नाही?"

"नाही काका."

"नक्की? एक सेंटसुद्धा नाही?"

"नाही."

काकांनी पत्राची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. चष्मा काढला.

"मग ये. इकडे समोर उभा राहा."

हर्षद उभा राहिला.

"गाढवा!" काका असे कडाडले की मी खुर्चीतून उठलेच. "पाच हजार डॉलर! बापानं शिकायला पाठवलं की उधळायला? मार्चमध्ये नवे बूट घालून आलास! जुलैत टॅक्सी! क्वीन्सटाउनहून टॅम्पिनीसला टॅक्सी? एमआरटी काय संपावर गेली होती? आणि तो बालीचा टी-शर्ट! तो बालीहून पोहत आला का तुझ्याकडे?"

काका मोजत होते, एकेक बोट मुडपत. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. हर्षद मान खाली घालून उभा होता, आणि मी खालून वाकून बघितलं तर गडी हसत होता!

काकू स्वयंपाकघरातून पळी घेऊन धावत आल्या. "अहो, पोराला आधी जेवू तरी द्या!"

"चौदा महिने जेवतोच आहे की! आज ऐकू दे त्याला!"