ब्रेकमास्तरांची उभी गाडी

निम्म्या गावाला ज्यानं गाडी चालवायला शिकवलं, त्याच माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एके दिवशी स्पष्ट सांगून टाकलं, "आजपासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"मला तर सगळं लख्ख दिसतंय," मास्तर म्हणाले.

"समोरचं दिसतंय. काचबिंदूनं दोन्ही बाजूंची नजर गेलीय तुमची. कडेनं कुणी आलं तर तुमच्या लेखी ते आलेलंच नाही."

मास्तर बायकोबरोबर बसनं घरी आले आणि शिकवणीची पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. गावात त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला होता. शिकणारा गडबडला की मास्तर आधी "ब्रेक!" असं ओरडत आणि तो भानावर यायच्या आत स्वतःच पाय दाबून मोकळे होत. पोरींपासून सासऱ्यांपर्यंत कितीतरी जण त्यांच्या शेजारी बसून घाम पुसत तयार झाले होते. आता गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि मास्तर खिडकीत.

पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला असं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. ते उठत, पाणी पीत, पुन्हा बसत. रस्त्यावरून एखादी गाडी चुकीच्या गिअरमध्ये गेली की घरातूनच ओरडत, "अरे, दुसरा टाक, दुसरा!" पण शेडकडे फिरकत नसत. गाडीवर जणू त्यांनी रुसवाच धरला होता.

"अहो, निदान सुरू करून तरी ठेवा अधूनमधून," बायको म्हणायची. ती टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झाली होती. आयुष्यभर चिडलेल्या माणसांशी बोलून तिचा आवाज असा झाला होता की समोरच्याला आवाज चढवायला जागाच मिळत नसे.

"कशाला? कुठं जायचंय तिला?" मास्तर म्हणत.

शेवटी एका सकाळी त्यांना राहवलं नाही. चावी घेऊन ते शेडमध्ये गेले. दार उघडताच कुबट, आंबूस भपकारा आला. सीटवर तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या, पट्ट्याची कड कुरतडलेली. मास्तरांनी चावी फिरवली. समोरचे दिवे एकदा मिणमिणले आणि विझले. बॉनेट वर केलं तर इंजिनावर चक्क गादी घातलेली! सीटमधला स्पंज, वर्तमानपत्राचे कपटे, कोंबडीची पिसं, वायरवरचं प्लास्टिक, सगळं कसं मऊ-मऊ रचलेलं. त्यातून एक शेपूट सरकलं आणि खालच्या फटीत गडप झालं.

मास्तरांच्या अंगाची लाहीलाही झाली. आपल्याला जिथं बसायची बंदी, तिथं उंदरांनी संसार थाटलेला!

गॅरेजवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. तो हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधूनच आला. मास्तर झाडू घेऊन पुढे झाले तसं त्यानं अडवलं. "मास्तर, कोरडं झाडू नका. ती धूळ नाकात जाते, आजार होतो. आधी जंतुनाशकाचं पाणी मारू, मग ओल्या फडक्यानं उचलू." घरटं पिशवीत बांधून झाल्यावर तो तुटक्या वायरी बोटावर घेऊन म्हणाला, "सुरू झाली नाही तेच बरं. हा कचरा गरम इंजिनावर पेटला असता, तर शेडसकट गेली असती."

"आता उपाय सांग."

"बारीक भोकांची लोखंडी जाळी बसवतो हवेच्या तोंडाला. पण खरं सांगू? गाडी फिरती ठेवा. रोज हलणाऱ्या घरात कोण राहील?"

"फिरती कोण ठेवणार?" मास्तर एवढंच म्हणाले. गॅरेजवाला खाली मान घालून वायर सोलत राहिला.

मग मास्तरांनी युद्ध पुकारलं. डांबराच्या गोळ्या ठेवल्या. तंबाखूच्या पुड्या बांधल्या. पुदिन्याचं तेल शिंपडलं. कुणीतरी सांगितलं म्हणून किर्रर्र आवाज करणारं यंत्रही आणलं. त्या आवाजानं उंदीर गेले नाहीत, बायकोचं डोकं मात्र उठलं. वास चार दिवस टिकायचा, की पुन्हा लेंड्या हजर. मास्तर जेवता-जेवता उठत, हात न धुताच शेडमध्ये डोकावून येत. उजेड असला की येत नाहीत म्हणे, म्हणून दिवसभर बॉनेट उघडं ठेवत आणि त्यापुढे खुर्ची टाकून बसत. पिंजऱ्यात एक उंदीर सापडला, तो ओढ्यापलीकडे सोडून घामाघूम होऊन परतले, तर शेजारच्या कोंबडीवाल्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, तो तुमच्या आधी घरी पोचला असेल हो!"

बायकोनं पंधरा दिवस हे सगळं पाहिलं, मग पदर खोचून स्वतः गाडीत शिरली. समोरचा कप्पा उघडून तिनं हाक मारली, "अहो, इकडे या. आपली खानावळ बघा."

कप्प्यात चॉकलेटच्या गोळ्यांचे कागद होते, नुसते कागद. पहिल्यांदा चढावर गाडी न घसरवता उचलली की मास्तर विद्यार्थ्याच्या हातावर एक गोळी ठेवत. तो साठा तसाच राहून गेला होता.

"मी विसरलोच," मास्तर पुटपुटले.

"ते नाही विसरले," ती म्हणाली आणि कप्पा पुसायला लागली. मग काकूंकडे जाऊन तिनं गोड बोलून त्यांची कोंबड्यांच्या दाण्याची पोती शेडच्या भिंतीपासून हलवली, दाणे झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ओतून घेतले. उंदीर कमी झाले. पण गेले नाहीत. एक दिवस बॉनेटखाली पुन्हा पिसं आणि कपटे जमलेले दिसले.

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी सगळं उपसून टाकलं, सीटवर बसले, चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तो आवाज ऐकला आणि त्यांचा हात आपोआप गिअरवर गेला. नुसती वळणापर्यंत. माझी गाडी, माझी गल्ली, डोळे मिटूनही नेईन.

खरंच, किती सुख वाटलं त्यांना! खिडकीतून वारा आला, हाताखाली चाक फिरलं, आणि इतक्या दिवसांची छातीतली घालमेल निवली. ते वळणाशी पोचले, अलगद चाक वळवलं.

धप्प असा आवाज झाला.

मास्तरांनी गाडी थांबवली. काकू रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. अंड्यांची टोपली चाकाखाली चेपली होती आणि पिवळा बलक डांबरावर पसरत होता. काकूंनी ऐन वेळी मागे उडी मारली होती, म्हणून खरचटण्यावर निभावलं. एरवी कोंबडीनं परसात उकरलं तरी गल्ली डोक्यावर घेणाऱ्या त्या बाई ओरडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "मास्तर, मी तुमच्या अगदी शेजारून चालले होते हो."

मास्तरांनी काकूंना हात देऊन उठवलं. गाडी गल्लीत आडवी, मागून हॉर्नवर हॉर्न, आणि ती मागे घ्यायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. गॅरेजवाल्यानं येऊन ती शेडमध्ये लावली.

घरी येऊन त्यांनी चावी बायकोसमोर ठेवली. "विकून टाक. नाहीतर उंदरांना देऊन टाक. मला दाखवू नको."

तिनं चावी पर्समध्ये टाकली.

त्यानंतर मास्तरांच्या मागे नवीनच भुंगा लागला. बायको रोज सकाळी नीटनेटकी साडी नेसून बाहेर पडायची. कुठं, विचारलं तर "जरा काम आहे" म्हणायची. परत यायची ती दमलेली आणि गालातल्या गालात हसणारी. तिच्या बहिणीकडे फोन केला, तिकडे गेली नव्हती. तिची तब्येत बिघडलीय आणि आपल्यापासून लपवतेय, अशी त्यांना शंका आली. शेवटी एका सकाळी ते चौकातल्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं चष्मेवालीच्या शिकवणीची गाडी आली. चष्मेवाली त्यांचीच विद्यार्थिनी, आता तिची स्वतःची शिकवणी होती. स्टिअरिंगमागे त्यांची बायको बसली होती, पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले. गाडी चौकात बंद पडली. मागच्यांनी गोंगाट केला. तिनं अजिबात घाई केली नाही. शांतपणे चावी फिरवली आणि निघून गेली.

दुपारी मास्तरांनी तोंड उघडलं. "घरात मास्तर असताना परक्याकडे शिकायला जातेस?"

"लग्न झालं त्या वर्षी घरच्याच मास्तरांना विचारलं होतं," ती म्हणाली. "घरात एक चालवणारा पुरे, असं उत्तर मिळालं."

"मग आता तरी विचारायचं होतंस."

"आता?" तिचा आवाज एरवीसारखाच होता, पण डोळे भरले. "शिकवणाऱ्याला चहूकडचं दिसावं लागतं हो. काकू वाचल्या. दर वेळी कुणी वाचेलच असं नाही."

मास्तर उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "क्लच फार झटकन सोडतेस तू," ते शेवटी म्हणाले. "म्हणून बंद पडते."

"उद्या बघते," ती म्हणाली.

तिचं लायसन्स झालं त्या दिवशी गाडी शेडमधून बाहेर आली. मास्तर शेजारच्या सीटवर बसले. गल्ली संपता-संपता एक सायकल आडवी आली, आणि त्यांचा पाय सवयीनं जोरात खाली गेला. तिथं काहीच नव्हतं. नुसता पत्रा.

"पेडल कुठं गेलं?"

"गॅरेजवाल्याकडून काढून घेतली दोन्ही," ती म्हणाली. तोवर तिनं स्वतःच गाडी थांबवली होती. "आता ही शिकवणीची गाडी नाही."

मास्तरांनी पाय आत ओढून घेतले आणि पर्स ठेवतात तसे हात मांडीवर ठेवले. पहिले काही दिवस त्यांना ते बसणं काट्यावर बसण्यासारखं वाटलं. ती वळण घ्यायची आणि यांचा जीव खालीवर व्हायचा. पण गाडी रोज बाहेर पडू लागली. कधी बाजार, कधी बहिणीचं घर, कधी मागच्या सीटवर काकू आणि त्यांच्या अंड्यांच्या टोपल्या. काकू बसायच्या आधी एकच विचारत, "चालवणार कोण?" आणि मगच चढत. बॉनेटखाली पुन्हा कधी घरटं दिसलं नाही. पिंजरा तेवढा शेडच्या कोपऱ्यात लावलेला असे, आणि जाळीवरून बोट फिरवल्याखेरीज मास्तर कधी गाडीत बसले नाहीत.

एकदा डॉक्टरीणबाईंकडून परतताना मोठ्या रस्त्याला लागायचं होतं. बाजूला एक मालट्रक उभा होता, त्यामुळे बायकोला तिकडचं दिसेना. ती नकळत म्हणून गेली, "अहो, तुमच्या बाजूनं कुणी येतंय का बघा." आणि म्हटल्याबरोबर तिनं जीभ चावली.

मास्तरांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, खांद्यासकट सगळं अंग वळवून रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिला.

"एक मोटारसायकल आहे," ते म्हणाले. "ती जाऊ दे."

मोटारसायकल समोरून गेली. तिनं पहिला गिअर टाकला.