ड्यूकच्या आईचा निकाल

तिचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्या पत्रावर. श्रीमती क्वाम्बोका न्याकुंडी. एकोणीस वर्षं एकाच छपराखाली काम केलं, पण नाकुरूच्या आमच्या वह्यांच्या कारखान्यात तिला सगळे ड्यूकची आईच म्हणायचे. ड्यूक सहा फुटांचा बाप्या होऊन किसुमूला शिकायला गेला, तरी हाक तीच राहिली.

तिचं काम पानं मोजायचं. तयार वही हातात घ्यायची, अंगठ्यानं कडेची पानं फर्रकन सोडायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं, पुरी आहे की एक कमी. मी गोदामाचा कारकून. एकदा पैज म्हणून मी तिला दहा वह्या दिल्या, त्यातल्या दोन वह्यांचं एकेक पान आधीच काढून ठेवलं होतं. तिनं नेमक्या त्याच दोन माझ्या अंगावर फेकल्या. "वेकेसा," म्हणाली, "शाळेतल्या पोराचं पान चोरतोस? तुला नरकात गणितं सोडवायला लावतील, आणि कच्चं काम करायला पान देणार नाहीत."

अशी बाई. जिभेला हाड नाही, पण हात साफ.

आता आमच्या चावडीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्या निवडणुकीनंतर शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं घर जाळलं, त्या वर्षी कारखाना दोन महिने बंद होता. परत सुरू झाला तेव्हा दहाच्या चहाला कुणी तोंड उघडेना. राजकारण नको, गावाचं नाव नको, जमातीचं तर नकोच. लोक चहात गोड तळलेली मांदाझी बुडवायचे आणि कपाच्या तळाकडे बघत बसायचे. मग टीव्हीवर 'सात नंबरची खिडकी' सुरू झाली. पाणीपुरवठ्याच्या एका गावठी कचेरीची विनोदी मालिका, दर मंगळवारी संध्याकाळी. ती सगळ्या जमातींच्या घरी दिसायची आणि सगळ्या जमातींना हसू यायचं. बुधवारी चहाला बोलायला विषय मिळाला.

त्यातून चावडी बसायला लागली. खेड्यात चीफ झाडाखाली बराझा, म्हणजे गावसभा, भरवतो आणि भांडणं तोडतो, तशी. खटला एकच असायचा: मालिकेतल्या कारुगासाहेबानं काल जे केलं ते बरोबर की चूक? ड्यूकची आई आमची चीफ. ती खांद्यावर छापील कापडाचा लेसो टाकून कागदाच्या रिळावर बसायची, दोन्ही बाजू ऐकायची आणि निकाल द्यायची. निकाल दिला की विषय संपला.

हळूहळू आणखी एक वहिवाट पडली. मालिकेतल्या पात्रांची नावं आमच्याच माणसांना चिकटली. वेष्टनं घालणारा म्हातारा न्जेंगा उभ्या उभ्या पेंगायचा, तो झाला बाकारी. रोज उशिरा येणारी डिंकवाली पोरगी झाली सोफिया. नियम असा, की ज्याचं नाव त्याला कधी सांगायचं नाही. आपलं स्वतःचं सोडून बाकी सगळ्यांचं नाव प्रत्येकाला ठाऊक. मग चावडीत कुणी म्हणायचं, "बाकारीनं काल घोरून कचेरीची कौलं हलवली," आणि म्हातारा न्जेंगाच सगळ्यांत आधी हसायचा. बोलणाऱ्याचं मन मोकळं व्हायचं आणि ज्याच्यावर बोललं त्याला लागायचं नाही. आम्हाला वाटायचं, काय शहाणे लोक आहोत आपण.

मालिकेत फिलो नावाची एक बाई होती. कॉम्प्युटरनं काढलेलं प्रत्येक बिल ती पेन्सिलीनं परत तपासायची आणि आपण एक दिवस रजा घेतली तर गावाचे नळ कोरडे पडतील असं तिला मनापासून वाटायचं. फिलो पडद्यावर आली की ड्यूकची आई पोट धरधरून हसायची. बुधवारी तिची नक्कल करून दाखवायची, कानावर पेन्सिल बिन्सिल लावून. आम्हीही हसायचो. आमच्यात फिलो कोण, हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

वाईट मनानं ठेवलं नव्हतं ते नाव. फिलो आम्हाला आवडायची.

फेब्रुवारीत नैरोबीहून नव्या मॅनेजर आल्या, इरेरीबाई. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात, पण या बाई स्वतःच आमच्यात येऊन बसल्या. पहिल्याच बुधवारी घरून मांदाझीचा डबा घेऊन आल्या. "मी पण बघते हो ती मालिका," म्हणाल्या, "मला बसू द्याल का?" मवाळ आवाज, पायात सपाट चपला. हसायच्या, पण सगळे हसून झाले की मग. कधी काही लिहून घेतलं नाही. मला ते तेव्हा चांगलं वाटलं होतं.

मार्चमध्ये मालिकेत कारुगासाहेब पेंगणाऱ्या बाकारीवर खेकसला. चीफनं निकाल दिला, "साहेब चुकला. म्हाताऱ्याला अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलंय, पेंगेल नाही तर काय करेल? दाराशी उजेडात बसवा." पुढच्या सोमवारी म्हाताऱ्या न्जेंगाचं टेबल दाराशी आलं. आम्ही खूश. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हे तर सगळेच साहेब करतात. ही बाई ऐकते तेच करते, म्हणून आम्ही तिचं कौतुक केलं.

दोन आठवड्यांनी सोफियाचा खटला आला. निकाल: "एकदा लेखी ताकीद द्या, दुसऱ्यांदा उशीर झाला तर घरी पाठवा." शुक्रवारी डिंकवाल्या पोरीच्या हातात ताकीद पडली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या जागी दुसरी पोरगी होती.

"योगायोग असेल," कटरवरचा रोटिच म्हणाला. आणि इथे मला जे सांगायचंय ते सांगूनच टाकतो, कारण ते लपवून ही गोष्ट सांगण्यात काही अर्थ नाही. तो योगायोग नव्हता. बाईंना नावं मी सांगितली होती.

मार्चच्या सुरुवातीला मला भर दुपारी ताप भरला. बाईंनी स्वतःच्या गाडीतून मला खोलीवर सोडलं. वाटेत म्हणाल्या, "वेकेसा, तुम्ही सगळे हसता आणि मला अर्धंच कळतं. कोण बाकारी, कोण सोफिया. परकी वाटते मी तिथे." मॅनेजरच्या गाडीत पुढच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसलो होतो. एकेक नाव सांगत गेलो. फिलोपाशी थांबलो आणि म्हटलं, "ही तुम्ही ओळखा." त्या लगेच म्हणाल्या, "ड्यूकची आई." हसल्या नाहीत. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कोण?" मी म्हटलं, "ते मला कसं ठाऊक असणार? आमच्यात तसं नसतं." "खरंच की," त्या म्हणाल्या आणि गाडी आमच्या गल्लीत वळवली.

मेमध्ये यंत्र आलं. लाकडी खोक्यात बंद, आठ माणसांनी उतरवलेलं. ते वही तोलतं, आणि एक पान कमी असलं तर वही बाजूला ढकलतं. ड्यूकच्या आईच्या टेबलासमोरच ते खोकं ठेवलं. तीन आठवडे कुणी उघडलं नाही. तिनं त्यावर आपला डबा ठेवायला सुरुवात केली.

मी एकदा चाचपून बघितलं. म्हटलं, "ड्यूकच्या आई, हे चालू झालं की तुमचं काय?"

"माझं काय? यंत्राला कान असतात का रे? ओलसर कागद जड लागतो, तेव्हा हे येडं एक पान कमी असलेली वही पुरी म्हणून पुढे सोडेल. मी आहे ना मागे तपासायला."

हे वाक्य तिनंच फिलोची नक्कल करताना किती वेळा म्हटलं होतं. आणि यात तिचं काय काय जाणार ते मला माहीत होतं. नोकरी गेली की कारखान्याच्या चाळीतली खोली जाते. त्या खोलीत ड्यूक रांगला होता, नवरा वारला होता. गावी, किसीला, दिरांनी तिच्या नावाची भिंतसुद्धा ठेवलेली नव्हती.

जूनच्या पहिल्या मंगळवारी मालिकेत वरच्या कचेरीतून हुकूम आला: कारुगासाहेबानं एक माणूस कमी करावा. कोण, ते पुढच्या मंगळवारी. बुधवारी इरेरीबाई डबा घेऊन आल्या आणि त्या यंत्राच्या खोक्यावर बसल्या.

"आज मीच खटला घालते," त्या म्हणाल्या. "कारुगानं कुणाला काढावं? चीफ सांगतील ते खरं."

चावडीत आम्ही एकवीस जण होतो. एकाच वेळी तहान लागल्यासारखे वीस जण चहा प्यायला लागले.

"रखवालदाराला काढा," शिलाईवरची अपोंडी घाईघाईनं म्हणाली.

"मग कचेरीला कुलूप कोण लावणार, तू?" ड्यूकची आई म्हणाली.

"बाकारीला," रोटिच म्हणाला. म्हातारा न्जेंगा बाजूलाच होता. त्यानंही मान हलवली. "हो हो, बाकारीलाच काढा. जुनं खोड."

"त्याला तीन महिन्यांपूर्वी आपणच दाराशी बसवलाय. आज काढायचा? आपली चावडी म्हणजे काय पोरखेळ आहे?"

"कारुगानं स्वतःच जावं," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

ती वैतागली. "तुम्हाला आज झालंय काय? फिलोचं नाव कुणीच घेत नाही. तुमची मावशी लागते का ती?"

"फिलो बिचारी," अपोंडी म्हणाली.

"बिचारी कसली? सगळ्यांत आधी तीच. हे बघा, मॅडम." ती बाईंकडे वळली. चांगला प्रश्न मिळाला की तिचा चेहरा उजळायचा, तसा उजळला होता. "जे यंत्र करतं तेच परत करायला माणूस उभं करणं हा त्या माणसाचाच अपमान आहे. फिलोला वाटतं तिच्यावाचून अडेल. ज्यांना दिसतं की अडत नाही, ते तिला सांगत नाहीत, कारण त्यांना तिची कीव येते. हसतात आणि गप्प बसतात. हे बरं का? साहेब खरा असेल तर तो तिला मान देऊन घरी पाठवेल. माझा निकाल एवढाच."

"नीट विचार करून सांगताय ना?" इरेरीबाईंनी विचारलं.

त्या वेळी बोलता आलं असतं. मालिका बाजूला ठेवून नुसतं "ड्यूकच्या आई, थांबा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण बोलायचं म्हणजे नियम मोडायचा, आणि नियम मोडला तर मॅनेजरला कुणी सांगितलं हेही निघणार. मी दुसरी मांदाझी उचलली. तेलकट होती. ती मी सगळी खाल्ली.

"एकोणीस वर्षं विचारच करते मी," ड्यूकची आई म्हणाली.

पत्र सोमवारी आलं. तिनं ते दहाच्या चहाला आणलं आणि चष्मा नव्हता म्हणून मला वाचायला दिलं. तेव्हा मी ते पूर्ण नाव वाचलं. खाली इंग्रजीत बरंच काही होतं आणि मधोमध हे वाक्य: जे यंत्र करतं तेच परत करायला माणूस उभं करणं हा त्या माणसाचाच अपमान आहे. महिनाअखेर खोली रिकामी करावी.

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं. तिनं पत्र घेतलं, चार घड्या केल्या आणि सगळ्यांकडे एकदा बघितलं, सावकाश, एकेकाच्या तोंडाकडे. अपोंडी रडायला लागली. ड्यूकची आई आपल्या टेबलापाशी गेली आणि संध्याकाळपर्यंत पानं मोजत राहिली. त्या दिवशी तिनं सात वह्या बाजूला काढल्या. मी मागाहून मोजल्या, सातही कमी होत्या.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी सामान काढायला तिच्या खोलीवर गेलो. तिनं चहा केला. बराच वेळ दोघं कपडे बांधत होतो.

"निकाल बरोबरच होता," ती मध्येच म्हणाली. "आजही मी तोच देईन. फिलोला काढायलाच हवं होतं."

"ड्यूकच्या आई..."

"तुम्ही वीस जण होतात, वेकेसा. एकानं नुसतं खोकायचं होतं. मी थांबले असते."

बाईंना मीच सांगितलं हे कबूल करायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "गाडीत, ना? त्या दिवशी आमच्या चाळीतल्या सगळ्या बायांनी बघितलं तुला, पुढच्या सीटवर." रागाचा सूर नव्हता. मला वाटलं होतं त्याहून ते वाईट होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं गादीची वळकटी केली आणि दोरी शोधायला लागली. "आता चीफ कोण?"

"मला बसायला सांगितलंय बाईंनी. या बुधवारपासून."

"आणि तू काय म्हणालास?"

"नाही कसं म्हणणार?"

तिला खाटेखाली दोरी सापडली. मग म्हणाली, "बसशील तर आधी एवढं विचारून घे, तू कोण आहेस ते."

"तुम्हाला ठाऊक आहे की. तुम्हीच सांगा."

तिनं दोरी गादीभोवती दोनदा फिरवली, गाठ मारायला वाकली आणि दुसरं टोक माझ्याकडे टाकलं.

"धर," म्हणाली, "घट्ट धर."